बॉनेटखालची बाळंतीण

“हॉर्न वाजवू नका हो, प्लीज. आत बाळंतीण आहे.”

सकाळची वेळ, ऑफिसला निघायची घाई, आणि वाकडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक अनोळखी माणूस मला हे सांगत होता. मी हॉर्नवरचा हात काढला. शेजारच्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि त्याच्याआडून फक्त एक आकाशी शर्ट दिसत होता. मी घाबरून त्या गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

“कुठे आहे? आणि दवाखान्यात का नाही नेलं?”

शर्टाच्या वर एक चेहरा आला. चष्मा, आणि गालावर काळ्या ऑइलचा ओरखडा.

“नेलं असतं. पण ती आपल्या पायानं इथे आलीय, म्हटलं न विचारता हलवणं बरं दिसत नाही.”

मी उतरून जवळ गेले. त्यानं एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण अलगद वर केलं. आत स्पंजचे तुकडे, काथ्या, कुणाच्या तरी पायपुसण्याचे धागे, आणि त्या गादीवर बोटाच्या पेरांएवढी पाच-सहा गुलाबी पिल्लं... डोळेसुद्धा न उघडलेली. कडेला एक करडी उंदरीण आमच्याकडे टक लावून बघत होती.

“ईऽऽ!” मी म्हटलं. आणि लगेच, का कोण जाणे, “कित्ती लहान आहेत...”

“नक्की काय ते ठरवा,” तो म्हणाला. “‘ई’ की ‘कित्ती लहान’?”

मला ठरवता आलं नाही. पुढचा महिनाभर मला काहीच ठरवता येणार नव्हतं. पण ते तेव्हा कुठे माहीत होतं!

त्याचं नाव श्रीनिवास. बहीण अमेरिकेत होती, तिचा फ्लॅट तो सांभाळत होता. आमच्या सोसायटीला लागून ज्वारीचं शेत होतं, तिथे नवीन बिल्डिंगसाठी खोदकाम सुरू झालं होतं. आमचे वॉचमन गेनबा सांगायचे, “ताई, रानातली समदी उंदरं हिकडंच आल्यात बगा. त्यास्नी तरी जागा कुठं हाय दुसरी?” श्रीनिवासची गाडी बरेच दिवस जागची हलली नव्हती. उंदरिणीनं बरोबर तीच निवडली.

“मग आता गाडी गॅरेजला नेणार?” मी विचारलं.

“इंजिन चालू केलं तर सगळी भाजून निघतील. जरा मोठी होऊ देत, मग आपणहून जातील.” त्यानं झाकण लावलं, हात पुसले आणि घड्याळाकडे पाहिलं. “तुम्ही... हिंजवडीला?”

“हो.”

“मलाही... म्हणजे... तिकडेच जायचं होतं.”

त्या “तिकडेच”च्या आधी तो किती अडखळला होता, ते मला त्या दिवशी जाणवलं नाही. मी शेजारच्या सीटवरची पर्स उचलून मागे टाकली आणि म्हटलं, “बसा.”

मी मुक्ताई. घरी मुक्ता. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याची. इंजिनीअरिंग झाल्यावर पुण्यात आले आणि हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायला लागले. जुनी छोटी लाल गाडी स्वतःच्या पगारातून घेतली होती, त्याचा मला भारी अभिमान.

“तुमची गाडी फार बोलते,” दुसऱ्या दिवशी श्रीनिवास म्हणाला.

“काय?”

“गिअर टाकला की कण्हते. ब्रेक मारला की हाका मारते.”

“चालत जाऊन राह्यले असते तर बरं झालं असतं तुम्हाला.”

“जाऊन... राह्यले?” तो हसला. “म्हणजे जाणार, की राहणार?”

“आमच्याकडे असंच म्हणतात!” मी म्हटलं. माझे कान लाल झाले.

“छान आहे. जायचं आणि राहायचं, दोन्ही एकदम. आमच्या पुण्यात अशी सोय नाही.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. वाकडच्या पुलावर कंपन्यांच्या बसच्या रांगेत आम्ही अडकून पडलो होतो. एरवी त्या ट्रॅफिकला मी शिव्या घालायचे. त्या दिवशी पुढची बस हलली तेव्हा उगाचच वाटलं... इतक्या लवकर?

तो हिंजवडीच्या चौकात उतरायचा. खांद्याला एक कापडी पिशवी, तिच्यातून कधी वायर डोकावायची, कधी एखादी सर्किटची पाटी. “कुठली कंपनी?” विचारलं की म्हणायचा, “काम असतं जरा.” आणि लगेच, “तुम्ही काय करता म्हणालात? चुका शोधता? दिवसभर?”

“हो. पगार घेऊन.”

“मग तुमच्याशी सांभाळूनच बोललं पाहिजे.”

असं म्हणून तो माझ्याकडे बघायचा, मी रस्त्याकडे बघायचे, आणि सिग्नल हिरवा झालाय हे मागचा रिक्षावाला आम्हाला सांगायचा.

त्याच दिवसांत आईचा फोन आला.

“मुक्ते, दिग्विजय न् त्याच्या घरचे येऊन राह्यले वं पुण्याले. येरवड्याले त्याचे मामा राह्यतात, तिथंच पाहाचा कार्यक्रम. रविवारी आम्ही बी येतो. पोरगा लाखात एक हाय, नाही म्हनू नको.”

दिग्विजय नागपूरचा, नोकरीला ह्यूस्टनला, सध्या सुट्टीवर आलेला. फोनवर आम्ही दोन-तीनदा बोललो होतो. नीट बोलायचा, माझं ऐकून घ्यायचा. त्याच्यात खोट काढावी असं काही नव्हतंच. चुका शोधणं हा माझा धंदा, तरी मला एकही सापडली नाही. मग फोन ठेवल्यावर मी खिडकीत का उभी राहिले? आणि खिडकीतून ती पांढरी गाडी का बघत बसले?

एका संध्याकाळी लवकर घरी आले. परतीचा पाऊस नुकताच पडून गेला होता. पार्किंगमध्ये ओल्या सिमेंटचा वास, आणि त्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट तसंच अर्धवट टेकवलेलं. पिल्लं केवढी झाली बघावं, म्हणून मी ते उचललं, डब्याचं झाकण उघडलं.

घरटं रिकामं होतं. काथ्या कोरडा पडलेला, स्पंज विस्कटलेला. कुणी तरी कधीच सोडून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आकाशी शर्टात हजर.

“पिल्लं गेली का हो?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

त्यानं चष्मा काढून पुसला.

“नाही ना अजून... बारीक आहेत जरा.”

मी काय म्हणायला हवं होतं? “खोटं बोलताय”, असं. मी म्हटलं, “हो का? बसा.”

आणि गाडी सुरू केली. त्या दिवशी आम्ही दोघंही फार कमी बोललो. मला वाटत होतं, हा खोटं का बोलतोय? मग वाटलं, मी गप्प का बसलेय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा जास्त अवघड होतं.

पुढच्या आठवड्यात माझ्या गाडीतच काहीतरी सुरू झालं. एसी लावला की कुबट वास यायचा. काचेवर पाणी मारायचं बटण दाबलं तर पाणी यायचं नाही.

“डॅशबोर्डच्या आत खुडबुड ऐकू येते,” मी म्हटलं. “तुमची उंदरीण तर नाही?”

“असेल... आमच्याकडचीच असेल.”

“तुमच्याकडची तुमच्याकडेच आहे ना पण? पिल्लं बारीक आहेत म्हणालात.”

श्रीनिवास पार गडबडला. “हो, हो... ती आहेच. ही दुसरी असेल. म्हणजे... मावशी वगैरे.”

“मावशी?”

“बाळंतपणाला आली असेल.”

मी इतकी हसले की गाडी बंद पडली. हसता हसता त्याच्याकडे पाहिलं, तर तो हसत नव्हता. नुसता बघत होता माझ्याकडे... आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मागून हॉर्न वाजायला लागले. मी चावी फिरवली, पण उलट्या बाजूला.

“रविवारी माझा बघण्याचा कार्यक्रम आहे,” हे त्याला सांगायचं होतं. रोज ठरवायचे. रोज चौक यायचा, तो उतरायचा, आणि ते वाक्य माझ्याबरोबर ऑफिसात जायचं.

शनिवारी मी बुधवार पेठेत गेले. उंदरांना पळवणारं एक मशीन मिळतं, बारीक आवाज करतं, असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. दगडूशेठच्या पुढे, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची गल्ली. दिवाळीच्या माळा लटकलेल्या, आकाशकंदिलांची गर्दी, चालायला वाट नाही. एका दुकानासमोर ओळखीच्या रंगाची स्कूटर दिसली. आमच्या पार्किंगमध्ये खांबाआड असते तशीच. मी मान वर केली.

काउंटरमागे श्रीनिवास बसला होता. हातात सोल्डरिंगची सळई, समोर कुणाचा तरी रेडिओ उघडलेला.

“तुम्ही?” आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

“तुम्ही इथे... कामाला?” मी विचारलं.

“दुकान आमचंच आहे. बाबांनी सुरू केलेलं.”

“आणि हिंजवडी?”

तो सळई स्टँडवर ठेवण्यात फार वेळ लावत होता.

“जातो ना हिंजवडीला. रोज जातो. तुमच्याबरोबर.”

“आणि मग?”

“मग सहा आसनी रिक्षानं परत वाकडला. तिथून स्कूटर काढून इथे.”

बाजूला एक गिऱ्हाईक तीन पिनचं सॉकेट मागत होतं, त्याच्याकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

“का पण?” मी विचारलं. आवाज चिडका आला, आणि मी चिडले होतेच. “महिनाभर तुम्ही मला... आणि पिल्लं? पिल्लं गेलीत हे मला माहीत आहे. मी बघितलंय.”

“कधी?”

“मागच्या आठवड्यात.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

रस्त्यावर कुणीतरी माळ लावून बघितली. लाल, हिरवा, लाल, हिरवा उजेड त्याच्या चष्म्यावर पडत होता, आणि त्यामागचे डोळे काय म्हणताहेत ते मला धड दिसत नव्हतं.

“उद्या माझा बघण्याचा कार्यक्रम आहे,” मी एकदम म्हणून टाकलं. “मुलगा ह्यूस्टनला असतो.”

मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. काहीही. त्यानं मागच्या फळीवरून एक छोटं खोकं काढलं, पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

“तुम्ही यासाठी आला असाल. पण नका घेऊ. उंदीर चार दिवस बिचकतात, मग त्यांना सवय होते.” मग म्हणाला, “मुलगा चांगला आहे?”

“हो. चांगला आहे.”

“मग... छानच.”

एवढंच! मी तिथून निघाले ती रिक्षात बसेपर्यंत तणतणत होते. रिक्षा सुरू झाल्यावर रडू यायला लागलं. राग त्याच्या खोटेपणाचा होता, की त्या “छानच”चा? मला कळत नव्हतं. मला खरंच काही कळत नव्हतं.

रविवारी पहाटे आईबाबा ट्रॅव्हल्सनं आले. आईनं माझी पिवळी ओढणी शोधली. मिळाली नाही, म्हणून ड्रेसऐवजी साडीच नेसायला लावली. बाबा एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. अवेळी निघणं त्यांना सहन होत नाही. सगळे वेळेच्या आधी खाली आलो. मी चावी फिरवली.

समोरचे सगळे दिवे एकदम लागले आणि विझले. परत फिरवली. नुसतं टिक्... टिक्.

गेनबांनी बॉनेट उघडायला मदत केली. आतल्या वायरी कुरतडून तांब्याच्या तारा उघड्या पडल्या होत्या. बॅटरीच्या मागे एक ऐसपैस घरटं होतं, आणि त्याला माझ्या पिवळ्या ओढणीची झालर. ओढणी मी मागच्या सीटवर विसरले असणार. उंदरीण टुणकन उडी मारून आईच्या पायावरून गेली.

“माय वो!” आई ओरडली.

“काय झालं?” मागून आवाज आला. श्रीनिवास पिशवीत दूध घेऊन येत होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्यानं माझी साडी बघितली, आईबाबांना बघितलं, गाडी बघितली, आणि त्याला सगळं समजलं.

“कुठे जायचंय?” त्यानं विचारलं. बाबांनी येरवडा सांगितलं. “मी सोडतो,” तो म्हणाला. “माझी गाडी आता... रिकामी आहे.”

मी “नको” म्हणायच्या आत बाबा पुढे जाऊन बसलेसुद्धा.

म्हणजे काय, मला बघायला आलेल्यांकडे तोच मला घेऊन चालला होता. मी मागे, त्याच्या बरोबर पाठीमागे. आरशात त्याचे डोळे दिसायचे, लगेच रस्त्याकडे वळायचे. औंध गेलं, विद्यापीठ गेलं. शेवटी आईला राहवलं नाही.

“मुक्ताची न् तुमची वळख कशी झाली म्हन्ता?”

“उंदरांमुळे,” तो म्हणाला, आणि माझ्या गाडीतून रोज हिंजवडीला कसा जायचा ते थोडक्यात सांगितलं.

“मंग तुमची कंपनी तिकडंच का?”

“नाही. माझं दुकान आहे. बुधवार पेठेत.”

आईनं जरा विचार केला. तिला पुणं फारसं ठाऊक नाही, पण हिशेब पक्का. “बुधवार पेठ त् शहरात हाय ना? न् हिंजवडी या टोकाले. मंग तुम्ही रोज तिकडं कायले जाता?”

श्रीनिवासनं गिअर बदलला.

“कायले जाता?” आईनं पुन्हा विचारलं. आमच्याकडे प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत विचारतात.

त्याचे कान तांबडे झाले. एवढा बोलका माणूस, ओठ हलत होते, शब्द बाहेर येत नव्हता. आणि मला एकदम असह्य झालं ते. त्याचं गप्प बसणंही, माझंही.

“आई, माझ्यासाठी,” मी म्हटलं. “तो माझ्यासाठी येतो.”

श्रीनिवासनं वायपर लावला. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. बाबा म्हणाले, “गाडी बाजूले घ्या.”

बंडगार्डनजवळ त्यानं गाडी कडेला घेतली आणि न सांगता खाली उतरून दूर, झाडाखाली जाऊन उभा राहिला. बाबा मागे वळले.

“मुक्ता, तुले काय पाह्यजे?”

“मला माहीत नाही बाबा.” माझे डोळे भरून आले. “खरंच कळत नाही. तो काही बोललेला नाही. मीही नाही. पण त्या घरी जाऊन ‘हो’ म्हणता येणार नाही, एवढं कळतंय.”

आई काहीतरी बोलायला लागली, बाबांनी हात वर केला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“लोक वाट पाहून राह्यले तिकडं,” ते म्हणाले. “फोनवर नाही सांगायचं. तोंडावर जाऊन सांगू. माफी मागू. बोलाव त्याले.”

येरवड्याच्या त्या घरी पोहे समोर आले आणि आमच्यापैकी कुणाच्याच घशाखाली उतरले नाहीत. दिग्विजयला मी गॅलरीत सगळं सांगितलं.

“हे आधी सांगितलं असतं, तर मी सुट्टी वाढवून घेतली नसती,” तो म्हणाला. आवाजात धार होती, आणि ती असायलाच हवी होती.

“आधी मलाच माहीत नव्हतं. माफ करा.”

“आता तरी माहीत आहे?”

“अर्धं.”

तो मान हलवून आत गेला. बाबांनी त्याच्या आईवडिलांसमोर हात जोडले. त्याची आई तोंड फिरवून उठून गेली. मी बाबांना कुणापुढे असं वाकलेलं कधी पाहिलं नव्हतं. आईबाबा जिन्यात चपला घालत होते, तेवढ्यात मी धावत खाली आले.

श्रीनिवास फाटकाबाहेर उभा होता, गाडीत न बसता, भुरभुर पावसात. चष्म्यावर थेंब.

“काय झालं?”

“नाही म्हणून आले.”

“मुलगा... चांगला होता ना?”

“खूप चांगला आहे. बाबांना तिथे हात जोडावे लागले. आता तुम्ही परत ‘छानच’ म्हणालात, तर मी चालत वाकडला जाईन.”

त्यानं चष्मा काढला. पुसायला कोरडं काही नव्हतं, शर्टही भिजलेला. तो चष्मा नुसता हातात धरून उभा राहिला.

“उद्यापासून मी हिंजवडीला नाही येणार,” तो म्हणाला.

“का?”

“दुकान रोज उशिरा उघडतंय. गिऱ्हाईकं परत जातात, बाबा ओरडतात. सकाळी नाहीच जमायचं. पण... संध्याकाळी दुकान बंद करून येईन. उंदीर नाही, काम नाही, काही सबब नाही. नुसता येईन.”

“कशाला?”

“तुमच्या आईंसारखं नका ना विचारू!”

“कायले?” मी विचारलं.

तो हसला. मग हसणं थांबलं, आणि तो अगदी हळू, पण न अडखळता म्हणाला, “मुक्ता, तू मला आवडतेस.”

तू. एवढा महिनाभर “अहो, तुम्ही” चालू होतं आमचं. त्या एका “तू”नं मला भर रस्त्यात, साडीत, पावसात कुठे उभं राहावं तेच समजेना.

“आणि मी?” त्यानं विचारलं. “म्हणजे... तुला?”

“मी अजून गोंधळलेलीच आहे,” मी म्हटलं. “तू इतक्या सहज खोटं कसं बोललास ते मला कळलेलं नाही. मला ते का आवडलं, तेही कळलेलं नाही. बाबा आता काय म्हणतील, ते तर मुळीच नाही.”

“हं.” त्यानं मान खाली घातली. “मग थांबू या का थोडे दिवस?”

“वेडा आहेस का?” मी त्याच्या हातातला चष्मा घेतला, माझ्या पदराच्या कोरड्या टोकानं पुसला आणि त्याच्या नाकावर ठेवला. “गोंधळ राहू दे की. माझं ‘हो’ आहे.”